अख्ख्या अल्बममधून एक गाणे निवडताना

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो वर्णानुक्रमाने. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या वसतिगृहात एका मित्राने दिलेल्या एमपी-थ्री सीडीवरच्या फाइलींना क्रमांक नव्हते, त्यामुळे प्लेअरने त्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावल्या. अल्बममधले आठवे गाणे माझ्यासाठी पहिले झाले, शेवटचे ‘इक्लिप्स’ चौथ्या क्रमांकावर आले आणि ज्या हृदयाच्या ठोक्यांनी हा अल्बम उघडतो, ते ठोके मला सातव्या ठिकाणी भेटले. पुढचे चार-पाच महिने ‘एनी कलर यू लाइक’ हेच यातले सर्वोत्तम गाणे आहे असे मी ठासून सांगत असे. सीडी लावली की ते सर्वांत आधी वाजते, यापलीकडे त्या मताला काही आधार नव्हता, हे मूळ क्रम कळल्यावरच माझ्या ध्यानात आले.

या प्रकारच्या अल्बममधून आवडते गाणे निवडणे हे चित्रपटाच्या कॅसेटमधून गाणे निवडण्यापेक्षा वेगळे काम आहे. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बहरलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारात अनेक वाद्यवृंदांनी एकाच कल्पनेभोवती अख्खा अल्बम बांधला, आणि त्यातली गाणी एकमेकांत मिसळतात, एकाचा सूर दुसऱ्यात परत येतो, मध्ये शांतता सोडलेली नसते. आपल्याकडे याला जवळचे उदाहरण हरिपाठाचे आहे. हरिपाठातला अमुक अभंग मला फार आवडतो असे कोणीही म्हणू शकतो, परंतु संध्याकाळी देवळात हरिपाठाला उभा राहिलेला माणूस तेवढाच अभंग म्हणून घरी परतत नाही. अभंग आवडतो तो त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अभंगांसह. अल्बममधल्या गाण्याचेही तसेच आहे, आणि म्हणून निवड करताना गाण्यापेक्षा आधी जागा शोधावी असा माझा सल्ला आहे.

‘जागा’ हा शब्द येथे गाणे ऐकणारी मंडळी वापरतात त्याच अर्थाने घ्यावा. एखाद्या गायकाने अंतऱ्यात अशी जागा घेतली की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप दाद निघाली, असे आपण म्हणतो. ती जागा दोन-तीन सेकंदांचीही असू शकते, पण पुढे वर्षभर त्या गाण्याची आठवण त्या दोन-तीन सेकंदांसकटच येते. अल्बममध्ये अशी जागा कधी गाण्याच्या पोटात असते, तर कधी दोन गाण्यांच्या सांध्यावर. सांध्यावरची जागा आवडली असेल आणि आपण नुसते एका गाण्याचे नाव सांगून मोकळे झालो, तर निवड चुकते. खालील पद्धत याच अल्बमवर बेतून सांगितली आहे, कारण तो मार्च १९७३ पासून उपलब्ध आहे, साधारण ४३ मिनिटांचा म्हणजे एका बैठकीत संपणारा आहे आणि नवख्या माणसालाही फारसा जड जात नाही.

पहिली तयारी यंत्राची करावी. फोनवरचे शफल बंद करावे, दोन गाणी एकमेकांत विरघळवणारे क्रॉसफेडही बंद करावे, आणि गाण्यांमध्ये अंतर न ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. फुकटच्या ॲपवर मधेच जाहिरात येते, आणि मृत्यूवरच्या गाण्यानंतर गृहकर्जाची जाहिरात लागली तर वाया गेलेली बैठक पुन्हा भरून काढता येत नाही. त्यापेक्षा कोणाकडून तरी सीडी मागून आणावी. वर्धापनदिनानिमित्त निघालेल्या काही आवृत्त्यांत मैफलींची ध्वनिमुद्रणे पुढे जोडलेली आहेत, ती दहाव्या गाण्यापाशीच थांबवावीत. शिवाय २०२३ मध्ये पिंक फ्लॉइडचा माजी सदस्य रॉजर वॉटर्सने हाच अल्बम स्वतंत्रपणे नव्याने ध्वनिमुद्रित केला आहे. गाण्यांची नावे तीच असल्याने शोधताना तो हाती लागण्याची शक्यता असते. तो वेगळा अल्बम समजून तूर्त बाजूला ठेवावा.

दुसरी तयारी वेळेची. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरच्या घरघरीत हा अल्बम ऐकू नये. सुरुवातीचे ठोके अत्यंत हळू आवाजातून वर येतात, कूलरमुळे ते ऐकू येत नाहीत, म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि चौथ्या गाण्याच्या आरंभी सगळी घड्याळे एकदम वाजू लागतात तेव्हा घरातली झोपलेली माणसे दचकून उठतात. आमच्या घरी असे झाले आहे आणि त्यानंतरचा आठवडाभर मला हेडफोनशिवाय काही ऐकण्याची मुभा नव्हती. रात्री जेवणे उरकल्यावर गच्चीवर, गावाकडे असाल तर माळवदावर, अंथरुणे टाकून झाली की ऐकावे. प्रवासातही हरकत नाही. बीडहून छत्रपती संभाजीनगरला एसटीने जाताना तो तीनदा सलग ऐकून होतो, मात्र बसच्या इंजिनात हळू आवाजाची बोलणी हरवतात, एवढे लक्षात ठेवावे.

मूळ तबकडीला दोन बाजू होत्या आणि पाचव्या गाण्यानंतर ऐकणाऱ्याला उठून ती उलटावी लागे. फोनवर हा विराम नाहीसा झाला आहे. निदान पहिल्या बैठकीत पाचवे गाणे संपल्यावर थांबावे, पाणी प्यावे आणि मग पुढे जावे, कारण पहिली बाजू मृत्यूपाशी संपते आणि दुसरी नाण्यांच्या खणखणाटाने सुरू होते. त्या दोहोंमधले ते अर्धे मिनिट संगीताइतकेच बोलके असते.

पहिल्या दोन बैठकांत शब्द हाती घेऊ नयेत. माझ्यासारखे मराठी माध्यमात शिकलेले अनेक जण इंग्रजी गाणे लागताच शब्द पकडण्याच्या धडपडीत पडतात आणि सूर निसटून जातो. या दहा रचनांत ‘ऑन द रन’ आणि ‘एनी कलर यू लाइक’ या दोहोंत गायनच नाही, आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये गायन आहे पण गाण्याला शब्द नाहीत, हे कळले की भीती बरीच कमी होते. तिसऱ्या बैठकीत शब्द समोर ठेवावेत. ते सर्व वॉटर्सने लिहिलेले आहेत, भाषा सोपी आहे आणि विषय आपल्या परिचयाचे आहेत: हातातून निघून जाणारा काळ, पैसा, मृत्यू, आपले आणि परके असा भेद, मन ठिकाणावर न राहणे. या काळात जवळ एक वही असावी, आणि तीत गाण्यांची नावे न लिहिता जिथे अंगावर काटा आला किंवा हातातले काम थांबले ते मिनिट-सेकंद लिहावे. नावे नंतर आपोआप कळतात.

आता अल्बममध्ये शिरू. ‘स्पीक टू मी’ ही जेमतेम मिनिटभराची नांदी आहे. पुढे येणारे घड्याळांचे, पैशांचे, हसण्याचे आवाज तीत एकत्र कानावर पडतात. काही सीडी आवृत्त्यांत ती ‘ब्रीद’ला जोडूनच येते. तिला आवडते गाणे म्हणून निवडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण तिच्या अखेरीची किंकाळी जिथे ‘ब्रीद’च्या पहिल्या सुरात मिटते, ती जागा अनेकांच्या वहीत सापडेल. ‘ऑन द रन’ हा सिंथसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर उभा केलेला धावपळीचा, विमानतळावरच्या घाईचा तुकडा आहे. तो एकट्याने ऐकला तर कंटाळा येतो, पण तोच काढून टाकला तर पुढच्या घड्याळांना धक्का उरत नाही.

ती घड्याळे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून आधीच मुद्रित करून ठेवली होती. त्यांच्यानंतर निक मेसनच्या तालवाद्यांची लांबलचक प्रस्तावना येते, आणि सुमारे सात मिनिटांच्या ‘टाइम’मध्ये गायन सुरू व्हायला दोन मिनिटांहून अधिक काळ लागतो. अधीर श्रोता येथे पुढे सरकवतो. तसे करू नये, कारण काळ वाया घालवण्याविषयीचे हे गाणे ऐकणाऱ्यालाही आधी थांबवून ठेवते. गिटारवादक डेव्हिड गिल्मोरच्या तीव्र आवाजातली कडवी आणि पियानोवादक रिचर्ड राइटच्या मऊ आवाजातल्या मधल्या ओळी यांचा खेळ संपला, गिटारचा लांब तुकडा होऊन गेला, की गाणे शेवटाला वळते आणि तेवढ्यात, अगदी न सांगता, दुसऱ्या गाण्याची म्हणजे ‘ब्रीद’ची चाल परत येते. शब्द वेगळे असतात: दमून घरी परतणे, विस्तवापाशी अंग शेकणे, शेतापलीकडून येणारा घंटेचा नाद. माळावरच्या वस्तीत पौषातल्या थंडीत शेकोटीजवळ बसून दूरच्या देवळातली घंटा ऐकलेल्या माणसाला याचे भाषांतर करून द्यावे लागत नाही.

अभंगात प्रत्येक चरणानंतर ध्रुवपदावर यावे तसे हे येणे आहे, आणि कीर्तनात ध्रुवपदावर परतताना टाळकऱ्यांचा जो एक सुटकेचा श्वास असतो तोच येथे जाणवतो. यादीत मात्र या मिनिटभराच्या तुकड्याला स्वतंत्र क्रमांक नाही. तो ‘टाइम’च्या पोटात आहे. माझ्या वहीत सर्वाधिक वेळा हीच जागा आली. म्हणून मी गाणे म्हणून ‘टाइम’ सांगतो, परंतु ‘ब्रीद’ ऐकलेले नसेल तर माझे आवडते गाणे ऐकलेच गेले नाही, असेही त्यासोबत सांगतो.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’विषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या श्रोत्यांना हे गाणे सर्वांत लवकर आपले वाटते. राइटच्या पियानोवर क्लेअर टॉरी या गायिकेने जानेवारी १९७३ मध्ये शब्दांविना गायन केले. आपण एक वाद्य आहोत असे समजून आपण गायलो, असे तिने नंतर सांगितले आहे. त्या दिवसाचे मानधन तिला ३० पौंड मिळाले. २००४ मध्ये तिने न्यायालयात दाद मागितली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटच्या बरोबरीने संगीतकार म्हणून तिचे नाव लागू लागले. हे गाणे ऐकताना मला शास्त्रीय आलापापेक्षा मयताच्या घरातले हेल काढून रडणे आठवते. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका गेलेल्या माणसाची एकेक आठवण सुरात ओवून रडत, आधी आकांत, मग हळूहळू थकून खाली येणारा सूर, आणि शेवटी नुसता श्वास. टॉरीचा आवाजही याच वाटेने जातो. हे गाणे आपले आवडते आहे असे वाटत असेल तर ते दिवसाढवळ्या, चहा पिताना पुन्हा एकदा ऐकून पाहावे. तेव्हाही ते तितकेच धरून ठेवत असेल तर निवड पक्की. केवळ रात्रीच भिडत असेल तर ती निवड गाण्याची आहे की अंधाराची, हे तपासावे.

‘मनी’ हे सर्वाधिक ऐकलेले गाणे आहे. अमेरिकेत ते १९७३ मध्ये स्वतंत्रपणे निघाले आणि बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १३ व्या क्रमांकापर्यंत गेले. ज्याला तबल्याची थोडी ओळख आहे त्याने येथे मात्रा मोजाव्यात. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचे यंत्र असे आवाज मुद्रित केलेल्या फितीचे तुकडे मोजून कापून जोडले आणि त्यांचे सात मात्रांचे आवर्तन केले. आपल्या रूपकात मात्रा सातच, पण तेथील तीन-दोन-दोन ही विभागणी येथे जशीच्या तशी बसवू नये. केवळ सातचा हिशेब धरून बसावे. डिक पॅरीचा सॅक्सोफोनही याच सातात वाजतो, आणि गिल्मोरची गिटार येताच गाणे चारच्या चालीवर उतरते. खाचखळग्यांच्या रस्त्याने आलेली बस एकदम डांबरी सडकेला लागावी तसे ते वळण आहे. ज्यांना ‘मनी’ आवडते त्यांपैकी बहुतेकांना खरे तर हे वळण आवडते, आणि तसे असेल तर वहीत गाण्याच्या नावापुढे ते नोंदवावे.

‘अस अँड देम’ची चाल राइटने मुळात अंतोनिओनी या दिग्दर्शकाच्या ‘झब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी केली होती आणि तेथे ती नाकारली गेली. एका घरी न रुजलेली चाल दुसऱ्या घरी जाऊन अल्बममधले सर्वांत लांब, पावणेआठ मिनिटांच्या घरातले गाणे झाली. तिच्या पोटातून निघणारे ‘एनी कलर यू लाइक’ हे माझे जुने चुकीचे प्रेम. योग्य क्रमाने ऐकल्यावर ते मला विसाव्याचे ठिकाण वाटले, आणि तसेच ते असावे.

शेवटच्या दोन गाण्यांपाशी निवड करणारा माणूस सर्वाधिक फसतो. ‘ब्रेन डॅमेज’ आणि ‘इक्लिप्स’ यांमध्ये खंड नाही, चाल चारच्या तालातून दादऱ्यासारख्या सहाच्या झोक्यात जाते, आवाज वाढत जातात आणि दोन मिनिटांत सगळे संपते. उरतात ते पहिलेच हृदयाचे ठोके, आणि त्यांच्यामागे, जिथे हा अल्बम मुद्रित झाला त्या ॲबी रोड स्टुडिओच्या द्वारपालाचे अगदी हळू बोलणे, की चंद्राला काळी बाजू अशी नसतेच, सगळा चंद्रच काळा आहे. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या माणसांना विचारले होते आणि त्यांची उत्तरे अल्बमभर पेरली आहेत; हे त्यांतले शेवटचे. आता ‘इक्लिप्स’ एकटे लावून पाहावे. ते पोकळ वाटते. सप्ताहात सहा दिवस देवळाकडे न फिरकता थेट काल्याच्या कीर्तनाला आणि खरे म्हणजे पंगतीला हजर होणारी मंडळी प्रत्येक गावात असतात. त्यांना दहीहंडी दिसते, पण आठवडाभर पहारा केलेल्या विणेकऱ्याला त्या क्षणी जे वाटते ते त्यांना वाटत नाही. ‘इक्लिप्स’ हा काला आहे. त्याची निवड करण्यास हरकत नाही, पण ती करणाऱ्याने आधीची चाळीस मिनिटे बसून काढलेली असावीत.

एवढे झाल्यावर वहीत साधारण पाच-सहा जागा उरतात आणि त्यांतून एक काढायची असते. त्यासाठी मी प्रत्येक जागेचे गाणे गाळून अल्बम ऐकतो. ‘मनी’ गाळले तर दुसरी बाजू अधिक गंभीर होते, पण उभी राहते. ‘टाइम’ गाळले की ‘ऑन द रन’चा स्फोट थेट पियानोवर जाऊन आदळतो आणि मृत्यूच्या गाण्याला कारणच उरत नाही. ज्या गाण्यावाचून बाकीची नऊ गाणी आपल्याला पोरकी वाटतात, ते आपले गाणे. एखाद्याला ही पोकळी ‘अस अँड देम’ गाळल्यावर जाणवेल, आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वाद घालावा तो केवळ वेगळे दिसण्यासाठी ‘ऑन द रन’ निवडणाऱ्याशी, किंवा गिटारचा एक तुकडा आवडला म्हणून बाकीचे कधीच न ऐकणाऱ्याशी. निवडीपुढे तारीखही घालावी. विशीत मला ‘टाइम’मधली गिटार आवडत होती, चाळिशीत त्यातले घरी परतणे आवडते, गाण्याचे नाव तेच राहिले असले तरी या दोन निवडी वेगळ्या आहेत.

हीच पद्धत इतर अल्बमांना लावताना थोडा फेरफार करावा लागतो. जेथ्रो टल या वाद्यवृंदाचा १९७२ चा ‘थिक ॲज अ ब्रिक’ ही दोन बाजूंवर पसरलेली एकच रचना आहे, त्यामुळे तेथे गाणे निवडताच येत नाही, फक्त जागा सांगता येते. ‘येस’ या वाद्यवृंदाच्या १९७३ च्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’मध्ये चार बाजूंवर चारच रचना आहेत, निवड सोपी वाटते, पण एकेका रचनेसाठी एकेक संध्याकाळ राखून ठेवावी. ‘रश’ या वाद्यवृंदाच्या १९७६ च्या ‘२११२’मध्ये कथा पहिल्या बाजूलाच संपते, म्हणून दुसऱ्या बाजूची गाणी नेहमीच्या पद्धतीने, सुटी सुटी ऐकून निवडावीत. पिंक फ्लॉइडच्याच १९७९ च्या ‘द वॉल’मध्ये दोन तबकड्यांवर २६ रचना आहेत आणि त्यांतल्या कित्येक दोन मिनिटांच्याही नाहीत, तेथे लहान रचनांना कथेतल्या त्यांच्या कामगिरीवरून जोखावे, नाहीतर सगळी निवड तीन-चार प्रसिद्ध गाण्यांतच अडकते.

निवड झाल्यावर ती दुसऱ्याला कशी सांगावी, हा प्रश्न उरतो. कोणी विचारले आणि त्याच्याकडे ४३ मिनिटे नसतील, तर मी त्याला ‘टाइम’ एकटे लावून देत नाही. ‘ब्रीद’पासून सुरुवात करतो, मध्ये ‘ऑन द रन’ येऊ देतो आणि ‘टाइम’ संपेपर्यंत काही बोलत नाही. चौदा मिनिटांच्या आत हे होते. ‘ब्रीद’ची चाल परत आली की समोरच्याने मान वर केली का, एवढेच पाहतो.